पत्र येईल तेव्हा या

देवळा
६ फेब्रुवारी १९८४

आदरणीय बाई,
सविनय जयभीम.

दवाखान्यातून निवृत्त झालात त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना बजावलं होतंत, "आता मला कोणी केस सांगायची नाही. मी नाशिकला जाऊन गुलाब लावणार आहे." तरी लिहिते. गुलाबांनी क्षमा करावी.

देवळ्याच्या बालसदनात मला आठ महिने झाले. मुलं सांभाळायला कुसाबाई आणि दोन आया. मंडळाचे चिटणीस चिमाजीराव, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली मी एकटी. मागच्या महिन्यात मी त्यांना म्हटलं, "मला सुपरविजन हवं. आठवड्यातून एक तास, माझ्याहून अनुभवी माणसापाशी बसून कामाचा विचार करायला."

ते म्हणाले, "अहो बाई, माझा पुतण्या अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याच्या हाताखाली चाळीस माणसं. तुम्ही तर एकट्या! आणि देखरेख मी करतोच आहे."

देखरेख म्हणजे सकाळी हजेरी आणि शनिवारी गृहभेटींची बेरीज.

म्हणून विनंती. शिकत असताना मी तुमच्या हाताखाली करायचे तसंच करू. मी घडलेलं सगळं लिहून पाठवते, कोण काय बोललं, मी काय बोलले. तुम्ही समासात शिसपेन्सिलीने प्रश्न लिहायचात, ते आता पोस्टाने पाठवा.

पहिली केस मंगीची. वय दोन. आईबाप सुरगाण्याकडच्या डोंगरातले, भातं काढून झाल्यावर इथे कांद्याच्या कामाला आले होते. आई भिमाबाई हिला खोकल्यातून रक्त पडायला लागलं. तिला नाशिकला क्षयाच्या दवाखान्यात नेलं आणि बाप झिपरू याने नोव्हेंबरअखेर मुलीला इथे ठेवलं. मी त्या आठवड्यात रजेवर होते. त्यानंतर दोघांपैकी एकही फिरकलेला नाही. चार महिने पालक आले नाहीत तर मूल सोडून दिलेलं समजावं, असा मंडळाचा नियम आहे. पुण्याचं एक चांगलं जोडपं दत्तक घ्यायला तयार आहे. अहवाल मी लिहायचा आहे.

बाकी किरकोळ. बाजाराच्या दिवशी एक बाजारकरू समोरच्या लिंबाखाली बसून फाटकातून मुलांकडे टक लावून बघतो. गोरक्ष पहारेकरी त्याला हाकलतो, पण पुढच्या बाजाराला तो पुन्हा हजर. असलेही प्रकार निस्तरावे लागतात.

तुमची
मालन पगारे


शरणपूर, नाशिक
११ फेब्रुवारी १९८४

प्रिय मालन,
सप्रेम सलाम.

गुलाबांना कीड लागली आहे, तेव्हा क्षमेचा प्रश्न नाही. पाठव हकिकती.

तुझ्या चिटणिसांची वाक्यं वाचून मी चहा गार होऊ दिला. नवा डॉक्टर वर्षभर मोठ्या डॉक्टरच्या नजरेखाली काम करतो. नवा वकील सीनिअरच्या मागे फायली वाहतो. न्हाव्याचा मुलगासुद्धा पहिला वस्तरा बापासमोर चालवतो. फक्त आपल्या कामाला, जिथे मूल कोणाचं हे ठरवायचं असतं, तिथे म्हणे चांगलं मन असलं की झालं! तीस वर्षांत चांगल्या मनाच्या लोकांनी केलेले घोटाळे निस्तरण्यातच माझी निम्मी नोकरी गेली. वाईट मनाच्या लोकांनी मला इतका त्रास कधीच दिला नाही. ते निदान लवकर सापडतात.

आणि सुपरविजन म्हणजे काय नव्हे तेही पुन्हा सांगते, कारण तू आता तहसील कचेरीच्या सावलीत आहेस. ती तपासणी नव्हे. ती कबुलीजबाबाची पेटीही नव्हे. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये शुक्रवारी मुली त्या पेटीपुढे रांग लावायच्या आणि हलक्या होऊन बाहेर यायच्या. माझ्याकडून तू हलकी होऊन जाणार नाहीस. तू ज्या ठिकाणी बघायचं टाळतेस तिथे मी बोट ठेवणार, आणि बघायचं तू.

आता समास. मंगीला ठेवून घेतलं तेव्हा तिच्या आईबापांना नेमकं काय सांगितलं गेलं? कोणी सांगितलं? "सोडून दिलेलं" हा शब्द कोणाचा, आईचा की नियमाचा?

अहवालाला हात लावू नकोस.

एस्तेर वाघचौरे


देवळा
२० फेब्रुवारी १९८४

आदरणीय बाई,
सविनय जयभीम.

प्रश्नांची उत्तरं. दाखल करून घेतलं कुसाबाईंनी. सांगितलं नेहमीचंच, सगळ्या पालकांना सांगतात ते. शब्द नियमाचा आहे, पण इथे तो लागू पडतो असं मला वाटतं.

या पंधरवड्यात मी खूप फिरले. ज्यांच्या मळ्यात ती माणसं कामाला होती त्यांना भेटले. ते म्हणाले, "बाई खोकायला लागली तशी टोळी उठून गेली. झिपरू द्राक्षांकडे गेला असंल. ही माणसं एका जागी ऱ्हातात व्हय?" मग एसटीने सुरगाण्याला आणि तिथून पायी त्यांच्या पाड्यावर गेले. झोपडीला काट्यांची झाप लावलेली. शेजारी बारकू नावाचे म्हातारे होते. म्हणाले, "सगला पाडा खाली गेलाय कामाला. होलीला येतील."

मी विचारलं, "मुलीचं काही बोलले होते?"

"पोर शाळंत हाय म्हनला झिपरू. मोठ्या बाईच्या शाळंत."

दोन वर्षांचं मूल आणि शाळा! म्हणजे माणूस शेजाऱ्यांशी सरळ खोटं बोलला आहे.

पुण्याच्या बाईंचं पत्र आलं. पाळणा घेऊन ठेवला आहे. मंगी आता माझ्या साडीचा पदर धरून ऑफिसभर फिरते. चिमाजीराव म्हणतात, "हिला हजेरीपटावर घ्या." ती दुसऱ्या कोणाकडून जेवत नाही. एवढी गोड मुलगी टाकून माणसं कशी जाऊ शकतात, हे मला कळत नाही.

मालन


शरणपूर, नाशिक
२४ फेब्रुवारी १९८४

श्री. चिमाजीराव, चिटणीस, यांस,
सलाम.

मी आपल्या परिचयाची नाही. मी वैद्यकीय समाजकार्य विभागाची प्रमुख म्हणून निवृत्त झाले. आपल्याकडे काम करणारी मालन पगारे ही माझी विद्यार्थिनी.

ती कचेरीत कधी आली आणि किती घरी गेली, हे आपण मोजता असं कळलं. मोजा. परंतु ती एखाद्या घरी गेली असता तिथे काय घडलं, कोणाचं ऐकून घेतलं आणि कोणाचं घेतलं नाही, हे आपल्या बेरजेत कुठे दिसतं? आपण उद्या दवाखान्यात गेलात आणि डॉक्टरने रोज किती पोटं फाडली एवढंच तिथे कोणी विचारत असेल, तर आपण त्या टेबलावर झोपाल काय?

मंडळाने तिला महिन्यातून दोन वेळा कामाच्या वेळात अर्धा दिवस मोकळा द्यावा आणि प्रशिक्षित व्यक्तीकडे पाठवावं. हे उपकार म्हणून करायचं नाही. मुलांच्या आयुष्याचे निर्णय घेणाऱ्या संस्थेचं ते कर्तव्य आहे.

एस्तेर वाघचौरे


देवळा
२ मार्च १९८४

श्रीमती वाघचौरे यांस,
सा. न. वि. वि.

आपले दि. २४ चे पत्र पावले. मजकूर समजला. उत्तरी कळविण्यात येते की, मंडळ सेवाभावाने चालते. सेवेला अंतःकरण लागते, वरिष्ठ लागत नाही. कु. पगारे या कार्यक्षम असून फेब्रुवारीत त्यांच्या भेटी उद्दिष्टापेक्षा जास्त भरल्या आहेत. सबब आपण सुचविलेल्या व्यवस्थेची गरज दिसत नाही.

पोटे फाडण्याविषयीचा दाखला मंडळाच्या बैठकीत वाचून दाखविता आला नाही, कारण दोन महिला सदस्या उपस्थित होत्या.

आपला,
चिमाजीराव
चिटणीस


शरणपूर, नाशिक
५ मार्च १९८४

प्रिय मालन,
सप्रेम सलाम.

तुझ्या चिटणिसांचं उत्तर आलं. मनुष्य अगदीच दगड नाही. शेवटच्या ओळीला मी हसले, आणि त्याचा मला राग आला.

आता तुझ्याकडे वळते. तुझ्या दोन्ही हकिकती मी पुन्हा वाचल्या. त्यांत मळेवाले आहेत, म्हातारा बारकू आहे, पुण्याच्या बाईंचा पाळणा आहे, तुझा पदर आहे. त्यांत भिमाबाई नाही. मुलीची आई नाशिकला आहे, आणि तू एसटी बदलून, डोंगर चढून अशा ठिकाणी जाऊन आलीस जिथे ती नाही हे तुला घरून निघतानाच माहीत होतं. उद्दिष्टापेक्षा जास्त भेटी झाल्या म्हणे. झाल्या खऱ्या. एकच राहिली.

"नेहमीचंच सांगितलं" हे उत्तर नव्हे. नेहमीचं म्हणजे काय? शब्द लिही.

आणि बारकूला तू खोटं ऐकलंस असं ठरवून टाकलंस. मला तसं ऐकू आलं नाही. जो माणूस मूल टाकून देतो तो "मोठ्या बाईच्या शाळेत आहे" असं शेजाऱ्यांना सांगत फिरेल का? कदाचित फिरेलही. पण तू विचारलं नाहीस.

तू लहानपणी वसतिगृहात होतीस हे मला ठाऊक आहे, तूच एकदा सांगितलं होतंस. त्याबद्दल मी काही विचारणार नाही. तो माझा अधिकार नाही. मी फक्त एवढंच विचारते: या आईकडे तू का गेली नाहीस?

एस्तेर वाघचौरे


देवळा
१० मार्च १९८४

आदरणीय बाई,
जयभीम.

खरं लिहायचं ठरलं आहे म्हणून लिहिते. ज्या बाईने साडेतीन महिन्यांत एकदाही "माझी पोर कशी आहे" असा निरोप पाठवला नाही, तिच्यासमोर बसून मी काय विचारू? मला तिचा राग येतो. मंगी संध्याकाळी फाटकाकडे तोंड करून बसते. कोणाची वाट बघते हे तिलाही आता आठवत नसेल. तसं बसणं काय असतं ते मला माहीत आहे. आठ वर्षांची होते मी, आणि नांदगावहून नाशिकला यायला तेव्हाही गाड्या होत्या. पण हे तुम्ही विचारलेलं नाही, तेव्हा राहू द्या.

मंडळाची बैठक ५ एप्रिलला ठरली. त्या दिवशी मंगीला दत्तक देण्यासाठी मोकळं करायचं की नाही ते ठरेल. पुण्याचं जोडपंही येणार आहे. मार्चअखेर म्हणून इथे सगळ्या कागदांचा ढीग आहे आणि मला रजा मिळणं कठीण.

बाई, दवाखाना तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तुम्ही जाऊन भिमाबाईला भेटा. तुमचं नाव सांगितलं की तिथले डॉक्टर ओळखतील. तुम्ही पंधरा मिनिटांत जे काढून घ्याल ते मला पंधरा दिवसांत जमणार नाही. मूल वाचवायचं आहे, तर कोण गेलं याने काय फरक पडतो?

मालन


शरणपूर, नाशिक
१४ मार्च १९८४

प्रिय मालन,
सप्रेम सलाम.

नाही.

मी जाणार नाही. मी गेले तर ती बाई माझ्याशी बोलेल, कारण मला बोलतं करता येतं. मग मी तुला कळवीन, तू अहवालात उतरवशील, आणि बैठकीत कोणी पहिला उलट प्रश्न विचारला की तू माझ्या पत्रात उत्तर शोधशील. ५ एप्रिलला त्या टेबलाशी मी नसेन. त्या मुलीच्या आईला बघितलेलं एक तरी माणूस तिथे हवं, आणि ते माणूस तुझ्याखेरीज दुसरं होऊ शकत नाही.

आणि समज मी या वेळी गेले. मग पुढच्या केसला? तिथेही जाऊ? माझं वय एकसष्ट आहे. माझ्यानंतर तुझ्या हातात तीस वर्षं आहेत. तेवढ्या वर्षांत जितकी मुलं तुझ्यापाशी येतील त्या सगळ्यांच्या आयांकडे तुला राग घेऊनच जावं लागेल, कारण राग संपायची वाट बघत बसलीस तर मुलं मोठी होतील. राग घेऊन जा. तो घरी ठेवून ये असं मी म्हणत नाही. तो तुझ्याबरोबर आला आहे एवढं माहीत असू दे.

रजा मिळत नाही हे खोटं आहे. सुरगाण्याला जायला मिळाली होती.

एस्तेर वाघचौरे


देवळा
१७ मार्च १९८४
(पोस्टकार्ड)

बाई,
पत्र मिळालं. मंगी पुण्याला गेली, तर ती माझ्या शिक्षणासाठी गेली असं समजायचं का?
मा. पगारे


शरणपूर, नाशिक
२५ मार्च १९८४
(पोस्टकार्ड)

मालन,
आठवडा झाला, तुझं काही नाही. रागावली असशील तर रागाचं लिही. तीही हकिकतच असते. कार्डावर मावला नाही तर लिफाफा घे.
ए. वा.


देवळा
२९ मार्च १९८४

आदरणीय बाई,
सविनय जयभीम.

मी मंगळवारी नाशिकला होते आणि तुमच्याकडे आले नाही. आले असते तर भांडले असते, आणि मला दुसरं काम होतं.

तुम्ही शब्द लिहायला सांगितले होते. निघायच्या आदल्या दिवशी मी कुसाबाईंना विचारलं, "मूल ठेवून घेताना तुम्ही आईबापांना काय सांगता?" त्या म्हणाल्या, "काय सांगायचं! सारखं येऊ नका, पोर रडतं, जेवत नाही, इथं रुळत नाही. आम्ही पत्र टाकू. पत्र येईल तेव्हा या. सतरा वर्षं हेच सांगते मी."

"आणि पत्र कोण टाकतं?"

कुसाबाईंनी चिमाजीरावांकडे पाहिलं. चिमाजीराव म्हणाले, "ते केसवर्करचं काम ना?" म्हणजे माझं. मला ते कोणी सांगितलेलं नव्हतं, मी विचारलेलंही नव्हतं. ते काम माझ्या जागेवर माझ्या आधी कोणीच नसताना कोण करत होतं, हेही कोणाला ठाऊक नाही.

दवाखान्यात भिमाबाईचं नाव सांगितलं तर नर्स म्हणाली, "ती फेब्रुवारीतच बरी होऊन गेली. पण दर मंगळवारी गोळ्या न्यायला येते, थांबा." मग म्हणाली, "तुम्ही त्या पत्रवाल्या का?"

"कसलं पत्र?" मी विचारलं. नर्स म्हणाली, "ती बाई दर वेळी विचारते ना, कागद आला का म्हणून. इथला पत्ता देऊन ठेवलाय म्हणते. पोस्टमन दिसला की रांग सोडून उठते."

भिमाबाई अकराच्या सुमारास आली. बाई, ती एकवीस-बावीस वर्षांची असेल. मी डोक्यात कोणीतरी मोठी, दणकट, बेफिकीर बाई धरून ठेवली होती. नाशिकजवळच अंबडला एका बांधकामावर तिची बहीण अक्काबाई काम करते, तिच्या खोपीत राहते. मी सांगितलं, "मी देवळ्याच्या बालसदनातून आले."

ती आधी माझ्या हातांकडे बघायला लागली. कागद शोधत होती.

"कागद आणला?"

"नाही. मीच आले."

"पोर हाय का?" एवढंच म्हणाली. ती जिवंत आहे का, असं विचारत होती ती. मी हो म्हटलं. मग ती तिथेच ओट्यावर खाली बसली. तुम्ही असतात तर काही विचारलं असतंत का? मी नाही विचारलं. शेजारी बसले.

मग ती आपणहून बोलली. "मोठी बाई बोल्ली, कागदाबिगर यायचं नाय. आलं का पोर आजारी पडतं. मंग मी नाय आले. धनी जातो बाजारच्या दिशी. आत नाय जात. झाडाखाली बसून बघून येतो. मंगी जाडी झाली सांगत व्हता. लाल झबलं घालते सांगत व्हता."

लाल झबलं मी शिवून आणलं होतं.

बाई, तो लिंबाखालचा माणूस. तुम्हाला पाठवलेल्या पहिल्याच पत्रात मी त्याला "किरकोळ" मध्ये घातलं होतं.

मी रागही घेऊनच गेले होते. तो कुठे गेला सांगता येत नाही. पूर्ण गेलेलाही नाही. परतताना देवळ्याची गाडी न धरता नांदगावला गेले आणि आईला विचारलं, तू वसतिगृहात वर्षभर का आली नाहीस. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "हे इचारायला तुला इतकी वर्षं लागली? बस. आधी जेव." मग तिने सांगितलं. ते इथे लिहीत नाही. ती केस नाही.

बैठक पुढच्या गुरुवारी. मला भीती वाटत नाही. फक्त एक अडचण आहे. कुसाबाईंना सगळे धरतील, आणि त्यांनी सांगितलं ते मायेपोटीच.

मालन


शरणपूर, नाशिक
१ एप्रिल १९८४

प्रिय मालन,
सप्रेम सलाम.

तू विचारलंस म्हणून सांगते. मी असते तर विचारलं असतं. ती वेळ न विचारण्याची होती, आणि मला गप्प बसणं तुझ्याइतकं जमत नाही.

शरणपुरात येऊन न भेटता गेलीस याचा राग आला होता. तो आता उतरला. भांडण बाकी ठेव.

कुसाबाईंबद्दल तू म्हणतेस ते बरोबर. एका वाक्याने तुमच्याकडे मूल रुळतं आणि दुसऱ्या वाक्याने तेच मूल बेवारशी ठरतं. दोन्ही वाक्यं एकाच छपराखाली सतरा वर्षं नांदली आणि ती एकमेकांसमोर आणून बसवणं हे कोणाचंच काम नव्हतं. बैठकीत माणूस धरू नकोस, ही रिकामी जागा धर. चिमाजीराव ओरडले तर ओरडू दे. कचेरीतल्या माणसाला कोणाची जागा रिकामी होती हे लगेच कळतं.

पुण्याच्या जोडप्याला बैठकीआधी, तू स्वतः, दाराबाहेर सांग. सगळ्यांसमोर ऐकायला लावू नकोस.

एस्तेर वाघचौरे


देवळा
९ एप्रिल १९८४

आदरणीय बाई,
सविनय जयभीम.

मंगी आईकडे जाणार. आधी हे, मग बाकी.

पुण्याच्या बाईंना व्हरांड्यात सांगितलं. त्या रडल्या. त्यांचे यजमान म्हणाले, "तुम्ही हे जानेवारीत शोधायला हवं होतं." मी म्हटलं, "हो, हवं होतं." त्यांना चहाही पिववला नाही. ते दुःख माझ्याजवळ राहील, त्यावर पुढे कधीतरी बोलू.

बैठकीत मी भिमाबाईंची भेट जशी घडली तशी वाचली. मग विचारलं, "या सभेत कोणी सांगावं, ते पत्र कोणी टाकायचं होतं?"

कुसाबाई पदराने डोळे पुसायला लागल्या. चिमाजीराव एकदम म्हणाले, "ओ कुसाबाई, तुम्ही रडू नका. टपाल रवाना करणं हे कचेरीचं काम. कचेरी माझी." मग माझ्याकडे वळून, "पण मला हे आधी कोणी विचारलं का नाही?"

मी म्हटलं, "तुम्ही मला रोज किती वाजता आले ते विचारता. तासभर बसून हे विचारणारं आपल्याकडे कोणी नव्हतं. ज्यांनी विचारलं त्या शरणपूरला राहतात."

"त्या पोटं फाडणाऱ्या?"

"त्याच."

त्यानंतर ठराव झाला. चार महिन्यांचा नियम, पालकांना केसवर्कर प्रत्यक्ष भेटल्याशिवाय लावायचा नाही. आईबापांनी बाजाराच्या दिवशी आत येऊन मुलांना भेटायचं. रडली तर रडू देत.

काल बाजार होता. मी गोरक्षला सांगून ठेवलं होतं. त्याने झिपरूला लिंबाखालून बोलावलं तर तो उठून पळायलाच लागला. गोरक्ष मागे धावतोय, "आरं थांब, लेका! आत ये, आत! मारत नाय!" सगळा बाजार बघत उभा. भिमाबाई सकाळच्या गाडीने आली होती. डॉक्टरांनी मुलीला जवळ घ्यायला हरकत नाही असं लिहून दिलं आहे.

मंगीने आईला ओळखलं नाही. तिने माझा पदर घट्ट धरला आणि माझ्या मांडीत तोंड खुपसून ओरडायला लागली. भिमाबाई माझ्याकडे बघत होती. कुसाबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही जरा घेऊन बसा, शांत होईल." आणि झाली असती, माझ्याजवळ झाली असती.

मी तिला खाली ठेवलं, पदर सोडवला आणि बाहेर गेले. फाटकाबाहेर, लिंबाखाली जाऊन बसले. तिथून खरंच सगळं अंगण दिसतं. रडणं बराच वेळ ऐकू येत होतं. मग कमी झालं. मग भिमाबाई काहीतरी गुणगुणत होती, ते शब्द मला कळले नाहीत.

चिमाजीराव बाहेर आले. "बाई, कचेरीच्या वेळात झाडाखाली?"

"काम करते आहे."

त्यांनी धोतर सावरलं आणि शेजारी बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या शरणपूरच्या बाई महिन्यातून एकदा इथे येतील का? म्हणजे तुमच्यासाठी. मीही बसलो तर चालेल का, कोपऱ्यात?"

मी तुम्हाला विचारते असं सांगितलं आहे. मंगीला आठवडाभर इथेच आईजवळ ठेवून मग पाठवणार. होळी त्यांची हुकली. पाड्यावर झाप काढायची आहे.

तुमची
मालन


शरणपूर, नाशिक
१६ एप्रिल १९८४

प्रिय मालन,
सप्रेम सलाम.

जयंतीच्या दिवशी तुझ्या आईने नांदगावहून कोणाबरोबर तरी माझ्यासाठी लाडू पाठवले. मी त्यांना कधी भेटले नाही. तू काय सांगितलंस ते विचारत नाही. लाडू चांगले होते.

चिमाजीरावांना कळव, येईन. माझ्यासमोर हजेरीपट ठेवायचा नाही, आणि त्यांनी कोपऱ्यात बसायचं नाही, टेबलाशी बसायचं. कोपऱ्यात बसणारे पुरुष मला आवडत नाहीत, ते मध्येच खोकतात.

आता तुला एक सांगायचं आहे. आधी सांगितलं असतं तर तू त्याला टेकून बसली असतीस.

मी जावं असं तू लिहिलंस ते पत्र मला मंगळवारी मिळालं. मी तुला उत्तर लिहायला बसले नाही. छत्री घेतली आणि निघाले. तीस वर्षांची सवय, पाय आपोआप चालतात. दवाखान्याच्या फाटकाशी पोचले. आत ओट्यावर गोळ्यांच्या रांगेत बायका बसल्या होत्या. त्यांतली एक भिमाबाई असणार, हे मला तुझ्या पत्रावरून आता कळतं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की आत गेले तर दुपारपर्यंत सगळं माझ्या हातात असेल. ५ एप्रिल जवळ आला होता आणि तू जाशील याची मला खात्री नव्हती. मी तिथे उभी राहिले. फाटकावरचा माणूस म्हणाला, "आजी, कोणाला भेटायचंय?" मी म्हटलं, "कोणाला नाही." घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी तुला "नाही" असं लिहिलं. तुझं ते कार्ड आलं तेव्हापासून तुझा लिफाफा येईपर्यंत मला नीट झोप लागलेली नाही.

तू लिंबाखाली जाऊन बसलीस हे वाचलं आणि मी उठून गुलाबांना पाणी घालून आले. दोनदा. दुसऱ्यांदा गरज नव्हती.

तुझी
एस्तेर वाघचौरे

ता. क. समासात एक प्रश्न राहिला. मंगीचे हात पदरातून सोडवलेस हे लिहिलं आहेस. त्यानंतर लिंबाखाली तुझे हात काय करत होते?